अनारशांचं पार्सल

बसा. चहा टाकलाय, तो उकळेस्तोवर सांगते मी माती कशी खाल्ली ते. आणि हसू आलं तर पदर तोंडाला लावून हसू नका, समोर हसा. मी चौथी शिकलेली, त्यामुळे आडून हसलेलं मला कळत नाही असं लोकांना वाटतं. कळतं!

तर आमचा चिनू. एकुलता एक, आणि तोही इतक्या उशिरा झालेला की त्याच्या शाळेत लोक मला त्याची आजी समजतात. एकीनं तोंडावर विचारलं, "दादी जी, चिन्मय की मम्मी नहीं आईं?" मी तिला असं काही उत्तर दिलं की हल्ली तिच्या पोराला सोडायला तिचा नवरा येतो.

या उन्हाळ्यात शाळेतली पोरं पचमढीला समर कँपला निघाली आणि आमच्या कार्ट्यानं जेवण सोडलं. "मम्मी, सब जा रहे हैं!" मी मराठीत ओरडले, तो हिंदीत रडला. आमच्याकडे असंच चालतं. झाशीत जन्मलेलं पोर, मराठी सगळं समजतं, पण जिभेवर येत नाही.

शेवटी गेला. स्टेशनात गाडी हलली तशी मी खिडकीजवळ धावत म्हटलं, "रडू नकोस रे!" तो कुठला रडतोय? तो मित्राच्या शर्टात चिप्स टाकत होता. रडणारी प्लॅटफॉर्मवर एकटी मीच.

घरी येऊन कुलूप काढलं आणि तेव्हा लक्षात आलं, की आमच्या घराला आवाजच नाही.

आता तुम्ही म्हणाल, नवरा आहे की घरात! आहे ना. पण आमचे हे मालगाडी चालवतात. रात्रभर इंजिन, दिवसभर झोप. आणि ड्रायव्हरची झोप म्हणजे चेष्टा नाही हो, ती मोडली तर उद्या त्याला सिग्नल कसा दिसणार? म्हणून दिवसा आमच्या क्वार्टरमध्ये कुकरची शिटी होत नाही, भांडं आपटत नाही, दाराची घंटी तर मी तारेसकट काढून ठेवलीय. हे जागे असले की गाडीवर, घरी असले की झोपलेले. सणाला तेवढं आम्ही एकमेकांना नीट बघतो.

शेजारीण चांगली आहे. पण तिच्याशी हिंदीत भांडायचं म्हणजे मला शब्द सुचेपर्यंत तिचं भांडण संपून ती भाजी निवडायला बसलेली असते. आमच्या ओळीत आधी भुसावळची एक होती, तिच्याशी काय रंगायचं भांडण! तिच्या नवऱ्याची बदली झाली. तेव्हापासून माझं मराठी राहिलं चिनूपुरतं, देवापुरतं आणि कुलरपुरतं. त्यातला चिनू गेला पचमढीला. देव काही बोलत नाही. कुलर बिचारा घरघर करतो, तेवढंच उत्तर.

कँपात पोरांकडे फोन नाही. रविवारी एकदा सरांच्या फोनवरून बोलायचं, तेही मागे रांग लागलेली. पण पार्सल पाठवायला मनाई नव्हती. झालं! मला दिशा सापडली.

पहिल्या पार्सलात बेसनाचे लाडू आणि कैरीचं लोणचं. इलाइट चौराह्यावर एक कुरियरवाला बसतो, त्याच्याकडे घेऊन गेले.

"आंटी जी, अचार नहीं जाएगा. तेल लीक करता है."

"मेरा अचार लीक नहीं करता."

"सबका करता है, आंटी जी."

"सबका करता होगा. मेरा नहीं."

लोणचं परत आलं. लाडू गेले, ते म्हणे वाटेत भुगा होऊन पोचले. पुढच्या पार्सलात चिवडा नि चकल्या दिल्या. आणि चक्क मधल्या वारी फोन वाजला. पचमढीचा नंबर! माझ्या हातातलं कणकेचं ताट पडता पडता राहिलं.

"नमस्ते आंटी जी, मैं कैंप से समीर सर बोल रहा हूँ. वो चिन्मय के चिवड़े पर झगड़ा हो गया. किसी ने पैकेट खींचा, तो चिन्मय ने उसको काट लिया."

"काटा? मतलब दाँत से?"

"जी आंटी, दाँत से."

पोराला घरी जेव म्हटलं तर दात उघडत नाहीत, आणि तिकडे हे! सरांनी नियम सांगितला. यापुढे पार्सल पोराच्या नावानं नाही, सरांच्या नावानं पाठवायचं, आणि पाठवायचं तर सगळ्यांना पुरेल एवढं, नाहीतर पाठवूच नका.

"कितने बच्चे हैं?"

"बत्तीस, आंटी जी."

"और आप?"

"अरे, मेरे लिए क्यों..."

"क्यों, आप हवा खाते हो?"

बत्तीस आणि एक तेहतीस. हा आकडा तेवढा ध्यानात ठेवा हं. मी नुसता मोजला, ओळखला नाही, त्याचं फळ भोगलं.

रविवारी चिनू बोलला. तिकडे लाइट फार जाते. टॉर्च दरीत पडली. टॉवेल ओढ्यात वाहून गेला. "और मम्मी, अनरसे भेजो ना." मी विचारलं, "माझी आठवण येते का रे?" "हाँ हाँ मम्मी, आती है, रखता हूँ, पीछे लाइन है." ठेवला. मी फोन बराच वेळ कानाला तसाच धरून ठेवला होता. पलीकडून टूं टूं येत होतं. तेही बरं वाटत होतं.

पण अनारसे मागितले होते ना त्यानं! अहो, अनारसा हे घाईचं काम नव्हेच. तांदूळ भिजवा, रोज पाणी बदला, वाळवा, कुटा, गूळ घालून मुरवत ठेवा. एरवी मी कुरकुरते. या वेळी मला तेच हवं होतं. रोज सकाळी उठल्यावर घरात कुणीतरी माझी वाट बघतंय, असं त्या भिजलेल्या तांदळामुळे वाटायचं. खसखस आणायला मानिक चौकात गेले, तर दुकानदाराशी उगाच भाव करत उभी राहिले. मागच्या गिऱ्हाइकांनी ढकललं तेव्हा निघाले.

अनारसे असे उतरले, काय सांगू! जाळीदार, कुरकुरीत. बरोब्बर तेहतीस. आता ते फुटू नयेत म्हणून माझ्या लग्नातल्या पितळी तबकात मांडले. त्यावर गादी म्हणून नवाकोरा टॉवेल घातला, म्हणजे पोराला टॉवेलही मिळाला. लाइट जाते म्हणून त्यात निरांजन नि फुलवाती ठेवल्या. हसताय काय? टॉर्च पडली तर दरीत जाते, निरांजन पडलं तर ठणठण वाजत सापडतं तरी!

कुरियरवाल्यानं खोक्यात डोकावून बघितलं.

"आंटी जी, कोई पूजा है क्या?"

"हाँ. तेरी."

पत्ता त्यानंच माझ्या फोनातून बघून लिहिला, सरांचं नाव, आडनाव सगळं. इंग्रजीत होतं, मी कशाला बघते?

आणि चार दिवसांनी फोन वाजला. अनोळखी नंबर. आणि पलीकडून मराठी! तेही खणखणीत.

"झाशीहून पचमढीला पार्सल पाठवणाऱ्या बाई तुम्हीच का?"

"हो. आपण?"

"मी आई बोलतेय. ज्याच्याशी तुम्ही हा प्रकार केलाय, त्या मुलाची आई. ग्वाल्हेरहून."

चिनू ज्याला चावला त्या पोराची आई! मनात म्हटलं, अगं बाई, चिनू, कुठे चावलास रे नेमका?

"फार झालंय का हो?" मी विचारलं.

"ते फोनवर बोलायचं नाहीये मला. उद्या सकाळच्या गाडीनं येते. समक्ष बोलू."

क्वार्टरचा नंबर विचारला आणि ठेवला फोन. घाबरले का? घाबरले ना! पण खरं सांगू? घाबरता घाबरता मी नवीन चादर काढली, पोहे भिजवायचे ठरवले आणि वेणीसुद्धा नीट घातली. कुणीतरी घरी येणार होतं.

दुसऱ्या दिवशी बाई आली. माझ्याहून चारपाच वर्षांनी मोठी असेल. कडक इस्त्रीची सुती साडी, उन्हाचा काळा चष्मा, काखेत पर्स, हातात पाण्याची बाटली. तोंड उघडणार तोच मी ओठावर बोट ठेवलं.

"हळू! हे रात्रपाळी करून आलेत. झोपलेत."

बाई भांडायला म्हणून ग्वाल्हेरहून आली होती, वाटेत शब्दही जुळवले असतील. पण काय करते? तीही कुजबुजायला लागली. अहो, असं भांडण तुम्ही जन्मात बघितलं नसेल. दोघींचे हातवारे कुस्तीसारखे, आणि आवाज देवळात आल्यासारखा!

"कधीपासून चाललंय हे?" तिनं डोळे वटारून कुजबुजत विचारलं.

"एकदाच झालंय. आणि आधी तुमच्या मुलानं ओढलं."

"काय ओढलं?"

"चिवडा! म्हणून माझा चावला."

"कोण कुणाला चावलं?"

"माझा चिनू. तुमच्या पोराला."

"माझा पोर एकोणतीस वर्षांचा आहे!"

मी खुर्चीत बसले. "एवढा मोठा? मग तो कँपात काय करतो?"

"कँप चालवतो! समीर! मी समीरची आई!"

समीर सर! म्हणजे तो अस्खलित हिंदी बोलणारा सर ग्वाल्हेरचा मराठी निघाला. मला इतका आनंद झाला की मी हसले. ते तिला अजिबात आवडलं नाही. तिनं पर्समधून फोन काढला, त्यावरचा फोटो माझ्या नाकाशी धरला. माझंच तबक होतं.

"हे काय आहे?"

"अनारसे."

"किती?"

"तेहतीस."

"कशात घातलेत?"

"तबकात. लग्नातलं आहे माझ्या."

"वर काय आहे?"

"नवीन टॉवेल."

"आणि हे?"

"निरांजन."

"कुणाच्या नावानं पाठवलंत?"

"समीर सरांच्या."

"आणि सध्या महिना कुठला चाललाय?"

"मे."

"अहो बाई, मे काय! अधिक! अधिक महिना चाललाय!"

आता तुम्हाला वेगळं सांगायला नको. अधिक महिन्यात सासू जावयाला वाण देते. तेहतीस अनारसे, तबकात, दिवा लावून, जोडीला नवं वस्त्र. मी एकाही गोष्टीत चूक केली नव्हती हो! एखादी सासू वस्त्र विसरेल, दिवा विसरेल, मी काही म्हणजे काही विसरले नव्हते.

आणि अधिक लागलाय हे मला कसं कळलं नाही? कसं कळणार? माझ्या आईनं असे दोनतीन अधिक आमच्या ह्यांना वाण पाठवलं, मग ती गेली. मला लेक नाही. ज्या घरात लेक नाही, तिथे अधिक आला काय आणि गेला काय, कॅलेंडराचं पान उलटायचं एवढंच.

"आमच्याकडे काय गोंधळ झालाय कल्पना आहे?" बाई कुजबुजत तापली. "पोरानं फोटो पाठवला, म्हणे आई, बघ किती मोठं पार्सल आलंय. मी बघितलं आणि मटकन बसले. म्हटलं, यानं आम्हाला न सांगता लग्न उरकलं की काय! तो म्हणतो, कँपातल्या पोरांसाठी आलंय, पण पोरांना कुणी निरांजन पाठवतं? त्याला बजावलंय, एकही अनारसा तोंडात घालायचा नाही. खाल्लास तर नातं कबूल केल्यासारखं होईल. कुठे आहे तुमची लेक? बोलवा तिला."

बघा हं. इथे, नेमकं इथे मी सांगायला हवं होतं, की ताई, मला लेकच नाही. एक वाक्य. संपला विषय.

पण ती खुर्चीच्या अगदी कडेवर बसली होती. पर्स मांडीवर, चष्मा डोक्यावर, बाटली हातात. सांगितलं असतं तर उठली असती, मिळेल त्या गाडीनं गेली असती. आणि मग मी, भिजवलेले पोहे आणि कुलर. किती महिन्यांनी माझ्या घरात कुणी मराठीत भांडत होतं! 'मटकन बसले' म्हणाली ती. मटकन! हा शब्द मी भुसावळवाली गेल्यापासून ऐकला नव्हता.

माझ्या तोंडून निघून गेलं, "बाजारात गेलीय. येईलच. तोवर पोहे घेता ना?"

खोटं एकदा घरात घेतलं की ते पाय पसरतं. आधी एका पोह्याच्या बशीपुरतं होतं.

"नाव काय तिचं?"

मी इकडे तिकडे बघितलं. समोर कुलर गार वारा फेकत होता. "शीतल."

"शिकलीय किती?"

"बी.ए."

"बी.एड.?"

"करतेय."

मी चौथी पास, आणि लेकीला बसल्या जागी मास्तरीण करून टाकली!

"स्वयंपाक येतो का?"

"अहो, ते अनारसे तिनंच केलेत."

"हो?" बाईनं फोन डोळ्यांजवळ नेला. "जाळी सुरेख पडलीय हो. आजकालच्या मुलींना कुठे जमतं!"

आणि मला असा संताप आला म्हणून सांगू! तांदूळ मी भिजवले, हात मी भाजून घेतला, आणि कौतुक ही भवानी घेऊन गेली!

पण बाई सैलावली. पर्स मांडीवरून खाली गेली. पोहे दोनदा घेतले. मग बोलायला लागली. समीर वर्षातले कितीतरी महिने डोंगरातच असतो. घरी येतो तो कपडे धुवायला टाकून परत निघतो. स्थळं बघितली, कुणी म्हणतं मुलगा सतत बाहेर, कुणी म्हणतं आम्हाला पुण्याचा हवा. "आणि आमच्या ह्यांना ऐकू येत नाही. मशीन आणलंय, लावत नाहीत. मी दिवसभर घरात ओरडत असते हो, आणि ऐकणारं कुणी नाही."

"आणि माझ्याकडे," मी म्हटलं, "ओरडायचीच सोय नाही."

कुलर घरघरत होता. तिनं माझ्या हातावर हात ठेवला. खरंच ठेवला. आणि मग डोळे पुसून म्हणाली, "मी भांडायला आले होते. पण अधिकात आपोआप वाण चालत आलं, म्हणजे देवाच्याच मनात असेल. दुपारची गाडी सोडते मी. आता शीतलला बघूनच जाते."

बाई गं! जी जाऊ नये म्हणून मी एवढा उपद्व्याप केला, ती आता जाईचना!

"उशीर लागेल तिला," मी म्हटलं.

"लागू दे."

"ऊन फार आहे, मैत्रिणीकडे थांबेल कदाचित."

"फोन लावा ना."

"फोन घरी विसरलीय."

"मग दाखवा तिचा फोन, फोटो तरी बघू."

"लॉक असतो हो. हल्लीच्या मुली!"

ती उठून भिंतीवरचे फोटो बघायला लागली. चिनू पाळण्यात, चिनू घोड्यावर, चिनू रावण झालेला. "शीतलचा एकही नाही?"

"तिला फोटो काढून घ्यायला आवडत नाही. लाजाळू आहे."

"आणि ही बॅट?"

"क्रिकेटची आवड आहे तिला."

"लाजाळू आहे म्हणालात ना?"

"लाजत लाजत खेळते."

मनात म्हटलं, शेजारणीची मुलगी उसनी आणू का? पण तिला मराठीतलं ओ की ठो कळत नाही. सांगू का, की शीतल पळून गेली? नको, बी.एड. करणारी मुलगी पळून कशी जाईल! बघा, एवढ्यात मला तिच्या अब्रूची काळजी वाटायला लागली होती.

आणि त्याच क्षणी लाइट गेली.

झाशीतला मे महिना. कुलर बंद. घरात एकदम अशी शांतता पसरली की आमची कुजबुज लाउडस्पीकरवर आल्यासारखी वाटली. आणि कुलर थांबला की हे उठतात, हे ठरलेलं. पडदा सरकला. बनियन, लुंगी, केस उभे.

बाई चटकन पदर सावरून उभी राहिली. "नमस्कार. शीतलची वाट बघत होते."

"शीतल?" हे डोळे चोळत म्हणाले. "कोण शीतल?"

"अहो, तुमची मुलगी!"

ह्यांनी तिच्याकडे बघितलं. मग माझ्याकडे बघितलं. रेल्वेचा माणूस, समोर काहीही आलं तरी आधी शांतपणे ब्रेक दाबतो. अगदी हळू आवाजात मला विचारलं, "आपल्याला मुलगी आहे?"

मी घाईघाईनं बाईच्या बशीत आणखी पोहे वाढले.

"कधी झाली?" हे म्हणाले. "मी ड्यूटीवर होतो का?"

अहो, त्या माणसाला खरंच शंका आली हो! आयुष्यातलं इतकं काही त्यांच्या पाठीमागे घडून गेलंय, की एखादी मुलगी नजरेतून सुटली असेल, असं वाटलं बिचाऱ्याला.

आता कुणी झोपलेलं नव्हतं, त्यामुळे बाईचा मूळचा आवाज बाहेर आला. काय आवाज! समोरच्या ओळीतली दारं उघडली.

"खोटं बोललात? तोंडावर? मी इथे पत्रिकेपर्यंत पोचले, आणि तुम्हाला लेकच नाही?"

मग माझाही सुटला. "नाही! एक पोरगा आहे, तोच तुमच्या पोराकडे आहे! अनारसे त्याला पाठवले होते! बत्तीस पोरं आणि एक सर, म्हणून तेहतीस! वाण कसलं डोंबलाचं!"

"मग आल्या आल्या सांगायला काय धाड भरली होती?"

"सांगितलं असतं तर बसला असता तुम्ही?"

हे मी जिवाच्या आकांतानं ओरडले. मग हळूच म्हटलं, "कुणी येत नाही हो इथे. तुम्ही आलात, मराठीत भांडलात. म्हटलं, चहापर्यंत तरी थांबवू."

तिनं पर्स घेतली, बाटली घेतली, चष्मा लावला. ह्यांनी मुकाट्यानं शर्ट चढवला आणि स्कूटरवरून तिला स्टेशनवर सोडून आले. येऊन परत झोपले. मला एक शब्द बोलले नाहीत. बोलले असते तर बरं झालं असतं.

मी दोघींचे कप विसळले. तिनं बशीत थोडे पोहे ठेवले होते, ते मीच खाल्ले. इतक्या दिवसांनी घरात पाहुणं आलं होतं, ते मी माझ्याच जिभेनं घालवलं.

कँप संपला. चिनू आला, काळा ठिक्कर पडून. तबक आणलं, टॉवेल आणला. मी आधी विचारलं, "अनारसे कसे झाले होते रे?"

"कौन से अनरसे?"

"अरे, तेहतीस पाठवले होते!"

"अच्छा वो! वो तो सर ने अलमारी में बंद कर दिए थे. बोले, मेरी मम्मी ने मना किया है, कोई हाथ नहीं लगाएगा. फिर मम्मी, चींटियाँ खा गईं."

झालं! ज्याच्यासाठी एवढा खटाटोप केला त्याला एक तुकडा मिळाला नाही. पचमढीच्या मुंग्यांना मात्र सासुरवाडीचं वाण पोचलं.

चिनू बॅग फेकून खेळायला पळाला. घर पुन्हा होतं तसंच. आणि दुपारी फोन वाजला. ग्वाल्हेरचा नंबर.

मी उचलला, पण बोलायची हिंमत होईना. मग तोच खणखणीत आवाज. "काय हो? आली का लेक बाजारातून?"

माझा जीव भांड्यात पडला. "नाही हो ताई," मी कुजबुजले. "कुठे रेंगाळलीय, देव जाणे."

अशी हसली ती! फोन कानापासून लांब धरावा लागला. तेव्हापासून रोज दुपारी तिचा फोन. तिकडे तिच्या ह्यांना ऐकू येत नाही, इकडे माझे हे झोपलेले. ती ओरडते, मी कुजबुजते. फोन आला की पहिला प्रश्न ठरलेला, शीतल आली का? मीही सांगते. आज परीक्षा आहे. आज डोकं दुखतंय. आज माझ्याशी भांडून बसलीय, तिला क्रिकेटला जायचं होतं.

चहा झाला वाटतं. थांबा, गॅस बंद करते. शेवटचं तेवढं ऐका, माझी अक्कल किती ते कळेल तुम्हाला.

परवा तिचा फोन आला. आवाज असा फुललेला! "अहो, समीरचं ठरलं! मुलगी इंदूरची. तुम्ही सगळ्यांच्या आधी यायचं हं लग्नाला."

मी अभिनंदन म्हणायला हवं होतं की नाही? तोंडात शब्द तयारही होता. पण इतका राग आला मला, इतका राग आला, की हे आत झोपलेत, रात्री गाडी घेऊन जायचंय, सगळं विसरून मी अख्ख्या कॉलनीला ऐकू जाईल अशी ओरडले, "का? आमच्या शीतलमध्ये काय वाईट होतं?"

आणि आतून झोपेतला आवाज आला, "आली का ती? तिला म्हणावं, कुलरमध्ये पाणी टाक."